मीठ घातलेल्या बर्फातला तुकडा

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, दुपारची वेळ. हजर: आमच्या पॅथॉलॉजिस्ट डॉ. सामंत मॅडम, माझ्याबरोबर काम करणारी तंत्रज्ञ रेहाना, काउंटरवर सुलभा, आणि मी. बोलावलेलं नसताना हजर: गणेश, राहणार जासई, धंदा मासे विकण्याचा, दोन्ही हातांत थर्माकोलचा खोका. गैरहजर: नमुने आणणारा आमचा दिलीप. तो गव्हाण फाट्याजवळ कंटेनरच्या रांगेत अडकला होता आणि फोनवर त्या कंटेनरना जे म्हणत होता ते इथे लिहिता येणार नाही.

कोण होतं, कोण नव्हतं हे आधी लिहायची मला सवय आहे. घरी लग्नाच्या खरेदीलाही मी अशीच सुरुवात करते आणि नवरा हसतो. पण आमच्या कामात हीच सवय उपयोगी पडते, म्हणून मी ती सोडलेली नाही.

काम काय, ते आधी सांगते. पनवेलला वडाळे तळ्याजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर आमची लॅब आहे. लॅब म्हटलं की लोक बाही वर करूनच आत येतात. त्यांना शेजारच्या खोलीत पाठवावं लागतं. रक्त तिथे. आमच्या खोलीत सुई नाही, सुरी आहे. शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. तो फॉर्मलीनमध्ये मुरतो, मेणात बसतो, आणि मग त्याचे इतके पातळ काप काढायचे की फुंकर मारली तर उडून जातील. काप पाण्यावर पसरायचा, काचेवर उचलायचा, रंगवायचा आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाठवायचा. आजार ओळखतात डॉक्टर. पण काप चुरगळला असेल, रंग बसला नसेल, तर जगातला कुठलाही डॉक्टर काही ओळखू शकत नाही. एवढं आमचं महत्त्व आहे, आणि ते मी कमी करून सांगणार नाही.

पेशी मुळात बिनरंगाची असते. आपण पुस्तकात पाहतो ते निळं-गुलाबी चित्र माझ्यासारख्या माणसांनी रंगवलेलं असतं. एका रंगाने पेशीचं केंद्रक निळं होतं, दुसऱ्याने बाकीचा भाग गुलाबी. केंद्रक म्हणजे पेशीचं कार्यालय. काय करायचं, किती करायचं, याच्या सगळ्या सूचना तिथे. कर्करोगाची शंका असली की डॉक्टर आधी केंद्रकाकडेच बघतात: ते फुगलंय का, वेडंवाकडं झालंय का, गडद दिसतंय का. म्हणून केंद्रकाचा निळा रंग आमच्याकडे प्रतिष्ठेचा असतो.

आणि एकदा तोच गेला. सकाळपासून जी काच काढावी तिच्यावर केंद्रकं लालसर. डॉक्टर मॅडम आतून ओरडल्या, "शुभदा, आज पनवेलमधली सगळी केंद्रकं लाजली आहेत का?" रंगाची बाटली बदलली, तरी तेच. मग मला पाण्याची शंका आली. आमचा निळा रंग आधी लालच चढतो; नळाच्या पाण्यात धरला की पाण्यातल्या क्षारांनी तो निळा होतो. चौकशी केली तर कळलं, इमारतीच्या कमिटीने मोठ्या हौसेने सगळ्या मजल्यांना शुद्धीकरणाचं यंत्र जोडलं होतं. पाणी इतकं शुद्ध, की त्यात काही उरलंच नव्हतं. रेहानाने घरून खाण्याचा सोडा आणवला, चिमूटभर पाण्यात टाकला आणि केंद्रकं मुकाट्याने निळी झाली. कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, एवढं चांगलं पाणी दिलं तर तुम्ही त्यात सोडा घालता?" त्यांना अजूनही वाटतं की आम्ही तिथे भजी तळतो.

गिऱ्हाइकंही एकेक असतात. खारघरच्या एका गृहस्थांच्या पाठीवरचा तीळ काढला होता. अहवाल चांगला आला. तरी ते स्वतः आले आणि आपल्या पेशींचा फोटो मागू लागले, फ्रेम करायला. फोटो दिला. मग म्हणाले, "यात मायटोकॉन्ड्रिया कुठे आहेत?" मी म्हटलं, "आहेत, पण या रंगात दिसत नाहीत." त्यांचा चेहरा असा झाला, जणू मीच काढून ठेवल्या होत्या.

त्यांचा दोष नाही. शाळेत आपण पेशीची आकृती काढतो तेव्हा तिच्यात सगळं एकदम दिसतं: केंद्रक, तंतुकणिका म्हणजेच त्या मायटोकॉन्ड्रिया, गॉल्गी पिंड, लयकारिका, जणू प्रदर्शनातल्या वस्तू मांडल्यात. प्रत्यक्षात जे बघायचं त्याचा रंग वेगळा, रीत वेगळी. काही गोष्टी तर त्या जिथे नाहीत तिथूनच कळतात. संरक्षक प्रथिनं बनवणारी एक पेशी असते. तिच्या केंद्रकाच्या कुशीत एक फिकट डाग दिसतो. रंग न बसलेली ती जागा म्हणजे गॉल्गी पिंड, बनलेला माल बांधून बाहेर पाठवणारा विभाग. नव्या मुलींना मी तो डाग दाखवते आणि सांगते, जिथे रंग नाही तिथे कोणीतरी कामात आहे.

लयकारिकेचं एक उदाहरण मला आवडत नाही, पण सांगते. लयकारिका पेशीतला कचरा जिरवतात. आपटा गावच्या एका लहान मुलीचं पोट फुगलेलं, प्लीहा मोठी. तिच्या अस्थिमज्जेच्या काचेवर डॉक्टर मॅडमनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं: पेशी भरून फुगलेल्या, आत चुरगळलेल्या पातळ कागदासारखं काहीतरी. कचरा जिरवणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, तिच्यात जन्मतःच नव्हतं. गल्लीत घंटागाडी आलीच नाही तर काय होईल, तसं. आम्ही आजाराचं नाव शोधलं, अहवाल चोख दिला. औषध मिळायला फार वेळ लागला. आमचं काम नाव शोधण्यापाशी संपतं, आणि काही दिवशी ते फार लवकर संपतं.

आता मूळ गोष्ट. एकदा शाळेच्या मुलांची सहल आमच्याकडे आली होती. मी विचारलं, "तंतुकणिका म्हणजे काय?" सगळ्यांनी एका सुरात "पेशीचं ऊर्जाकेंद्र!" म्हणून आरोळी ठोकली. एका मुलीने हात वर केला. "मॅडम, ऊर्जाकेंद्र बंद पडलं तर लोडशेडिंग कुठे होतं?" मी म्हटलं, "थकवा येतो." वरवरचं उत्तर होतं. नीट उत्तर मला जासईच्या मनीषाने दिलं.

मनीषा गणेशची धाकटी बहीण. तिशीची, लग्न झालेली, एक मुलगी. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या जिन्यात. लिफ्ट बंद होती. ती अर्ध्या जिन्यात बसली होती, म्हणून सुलभाने मला खाली पाठवलं. तिने मान मागे टाकून, हनुवटी वर करून माझ्याकडे पाहिलं. आधी मला ते उद्धट वाटलं. मग दिसलं, तिच्या दोन्ही पापण्या डोळ्यांवर उतरल्या होत्या. हनुवटी वर केल्याशिवाय तिला समोरचं माणूस दिसतच नव्हतं.

मी शेजारी पायरीवर बसले. "काय होतंय?"

"काय होत नाय, तेच होतंय ताई. हात वर करते तर तो जात नाय. दोन कपडे वाळत टाकले का तिसऱ्याला हात खाली. सासू बोलते, मान बघा कशी ताठ, काम सांगितलं का डोले मिटते."

"किती दिवस?"

"पोरगी रांगत होती तवापासून. आता ती साळंत जाते."

तिच्या पिशवीत सगळे जुने अहवाल होते. रक्त ठीक, थायरॉइड ठीक, साखर ठीक. एका डॉक्टरांनी 'ताण' असं लिहून दिलं होतं. शेवटी एका न्यूरोलॉजिस्टने तिच्या पापण्या नीट पाहिल्या आणि दंडाच्या स्नायूचा तुकडा तपासायला सांगितला. नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं होतं. रिपोर्टात काही निघालं तर बघू, नाही निघालं तर हे नाटक बंद, असं ठरलं होतं. ठरवणारे सासरचे होते.

"मी एकदाच कापू देनार," ती म्हणाली. "काय नाय निघालं तर परत नाय. मंग मीच समजेन, मी आळशी हाय."

मी तिला सांगितलं की तुकडा आला की तो माझ्या हातात येईल आणि मी त्याला जपेन. असं सांगायची आमच्यात पद्धत नाही. सांगितलं.

स्नायूच्या तुकड्याची रीत वेगळी असते. इतर सगळं फॉर्मलीनमध्ये टाकायचं, हा टाकायचा नाही. फॉर्मलीनमध्ये पेशी फोटोतल्यासारखी थांबते. तिचा आकार कळतो, काम कळत नाही. आम्हाला बघायचं होतं, तिच्या तंतुकणिका काम करतात की नाही. त्यासाठी तुकडा ताजा हवा. सलाइनने किंचित ओलसर गॉजमध्ये गुंडाळायचा, कोरड्या डबीत बंद करायचा, डबी बर्फावर ठेवायची आणि आणायची. गार हवा, पण गोठता कामा नये. गोठवायचं ते आम्ही, आमच्या रीतीने.

शस्त्रक्रिया उरणच्या एका दवाखान्यात झाली. तिथल्या सिस्टरला मी फोनवर सगळं सांगितलं आणि तिच्याकडून परत म्हणवून घेतलं. तिने अगदी तसंच केलं. पण दिलीप कंटेनरमागे अडकलेला. गणेश दवाखान्यातच होता. मार्गशीर्षातला गुरुवार म्हणजे बायकांचे उपास, मासे घ्यायला कोणी फिरकत नाही. त्याचा दिवस रिकामा होता. तो सिस्टरला म्हणाला, "माझी मोटारसायकल हाय. कंटेनरमधून कशी बी निघते." सिस्टरने डबी त्याच्या हाती दिली आणि सांगितलं, थंड ठेवायची हां.

तर असा तो आमच्या खोलीत शिरला.

"कोन मॅडम हाय? हे घ्या. एकदम ताजा."

रेहाना खुदकन हसली. मी खोका उघडला. आत काठोकाठ चुरलेला बर्फ आणि त्यात खोल रुतवलेली आमची डबी. झाकणावर पांढरं दव गोठलेलं. मी डबी हातात घेतली तर बोटं चिकटली. साध्या बर्फाने असं होत नाही.

"यात मीठ घातलंयस?"

"मंग? मिठाबिगर बर्फाला जोर येतो काय? दवाखान्यातला बर्फ बघितला मी, लेकराच्या सरबतावानी. आमचा आजा मिठागरावर होता मॅडम, मीठ आमच्या घरचं. पापलेट बी मी एवढं सांभालून आनत नाय."

तो खरंच अभिमानाने सांगत होता. आणि त्याच्या धंद्याच्या हिशेबाने ते बरोबरही होतं. बर्फात मीठ पडलं की तो साध्या बर्फापेक्षा कितीतरी गार होतो. कुल्फीवाल्यालाही हे माहीत असतं. डबीतला तुकडा दगड झाला होता.

हळूहळू गोठणं आमच्यासाठी घातक असतं. पेशीत पाणी भरपूर. ते सावकाश गोठलं की बर्फाचे मोठे मोठे स्फटिक होतात आणि आतून सगळं फाडतात. फ्रीजरमध्ये विसरलेली काकडी बाहेर काढल्यावर कशी लिबलिबीत होते, तसं. झटक्यात गोठवलं तर स्फटिकांना वाढायला वेळच मिळत नाही आणि पेशी जशीच्या तशी राहते. सगळा खेळ वेगाचा.

मी तुकड्याच्या कोपऱ्याचा एक काप काढून रंगवला. डॉक्टर मॅडमनी पाहिला. मग मला बघायला खुर्ची दिली. प्रत्येक स्नायुतंतूत भोकंच भोकं, जाळीदार घावनासारखं.

"काही वाचता येतंय?" मी विचारलं.

"यात? मला हवं ते सगळं यात दिसेल आणि त्यातलं काही खरं नसेल."

गणेश दारात उभा होता. आमचं बोलणं त्याला कळत नव्हतं, चेहरे कळत होते. "बिगाडला काय?"

रेहाना म्हणाली, "भाई, आप बैठो. चाय लो."

"चाय नको. मनीला काय सांगू ते सांगा. मी थंड ठेवला. थंडच ठेवाचा होता ना?"

"थंडच ठेवायचा होता," मी म्हटलं. "तू जरा जास्त चांगला ठेवलास."

डॉक्टर मॅडम बराच वेळ पेन टेबलावर वाजवत राहिल्या. मग म्हणाल्या, "विरघळू द्यायचा आणि परत झटक्यात गोठवायचा. कधी कधी स्फटिक जातात. शिकत असताना आमच्या सरांनी केलेलं पाहिलंय."

"जमलं होतं?"

"जमलं होतं. पण हात त्यांचे होते, मी नुसती बाजूला उभी होते."

"आणि नाही जमलं तर?"

"तर उरणला फोन करायचा, आणि त्या बाईला सांगायचं की परत कापायचंय."

ती परत कापू देणार नव्हती, हे मला जिन्यातच कळलं होतं. मी म्हटलं, "सगळा तुकडा डावावर लावायचा नाही. अर्धा आहे तसाच राहू दे. जनुकांच्या तपासणीचं स्फटिकांनी काही अडत नाही. अर्ध्यावर प्रयत्न करू." त्या म्हणाल्या, "हेच म्हणणार होते." असतील. आमचं अनेक वर्षांचं जमलेलं आहे. कोण आधी म्हणालं यावर आम्ही भांडत नाही.

अर्धा तुकडा काचेवर ठेवला आणि तो मऊ होईपर्यंत थांबलो. या कामात सगळ्यात अवघड भाग म्हणजे नुसतं थांबणं. सुटलेलं पाणी टिपकागदाने हलकेच टिपलं. दाबलं तर तंतू चेपतात, राहू दिलं तर परत बर्फ. मग तुकड्याला अंगभर टाल्कम पावडर, बाळाला लावतात तीच. तोवर रेहानाने द्रव नायट्रोजन ओतला. तो आमच्याकडे तळोज्याहून येतो, गुरांच्या दवाखान्यात असतो तसल्याच पिंपात. त्यात लोंबकळवायला एक स्टीलचा पेला, घरातलाच. पेल्यात एक वेगळा द्रव; त्याच्या तळाशी पांढरी साय धरली की समजायचं, तयार. नायट्रोजनमध्ये थेट बुडवलं तर तुकड्याभोवती वाफेचा कोट होतो आणि गोठणं मंदावतं, म्हणून हा मधला पेला. तुकडा बुचावर उभा बसवला, लांब चिमट्यात धरला, आणि एका झेपेत पेल्यात. ढवळत राहायचं. त्या क्षणी श्वास घ्यायचा की नाही याचा नियम नाही, पण कोणी घेत नाही.

काप काढायचं यंत्र म्हणजे थंड पेटीतली सुरी. पहिला काप काढला, काचेवर टेकवला, तो चिकटून पसरला. साधा रंग दिला. डॉक्टर मॅडमनी डोळा लावला. काच सरकवली, आणखी सरकवली.

"कडेला जाळी आहे," त्या म्हणाल्या.

मी चिमटा खाली ठेवला.

"मधे नाही. शुभदा, मधे एकही भोक नाही."

रेहानाने "या अल्ला" म्हणत स्टूलावर बसकण मारली. गणेशने दारातून विचारलं, "आता चाय घेऊ काय?"

पुढच्या दिवशी खास रंग केले. पहिल्या रंगात निरोगी स्नायुतंतू हिरवट निळे दिसतात आणि तंतुकणिका त्यात लाल ठिपक्यांसारख्या, बारीक रव्यासारख्या पसरलेल्या. मनीषाच्या काचेवर काही तंतूंच्या कडेने लाल गठ्ठे साचले होते. कडा फाटक्या, झिरमिळ्या सुटलेल्या लाल कापडासारख्या. दुसऱ्या रंगात तेच तंतू गडद निळे उमटले. तिसरी तपासणी तंतुकणिकांच्या एका महत्त्वाच्या विकराची. त्याने काम केलं की तपकिरी रंग येतो. त्याच तंतूंमध्ये तपकिरी रंग आलाच नाही. तीन काचा शेजारी शेजारी ठेवल्या आणि सगळं उघड झालं. त्या पेशींत तंतुकणिका कमी नव्हत्या, उलट भरमसाट होत्या. ऊर्जा पुरत नाही म्हणून पेशी आणखी ऊर्जाकेंद्रं बनवत होती, आणि नवी निघत होती तीही बिघडलेलीच. जनरेटर चालत नाही म्हणून दारात जनरेटरची रांग लावावी, तसं.

ज्या बाईला सगळे आळशी म्हणत होते तिच्या पेशी जादा पाळ्या लावून राबत होत्या.

मी खूप काचा रंगवल्या आहेत. बऱ्याच विसरले. या तीन विसरलेले नाही, आणि त्या माझ्या हातच्या आहेत हे मी कुठेही सांगते.

जपून ठेवलेला अर्धा तुकडा बाहेरच्या मोठ्या लॅबला गेला. तंतुकणिकांची स्वतःची थोडी जनुकं असतात, केंद्रकापासून वेगळी. तिथे दोष सापडला. मग डॉक्टर मॅडमनी मनीषाला बोलावलं. तिला विचारलं, एकटीला सांगू का? ती म्हणाली, "सगल्यांसमोर सांगा. बोलत होते ते पन सगल्यांसमोरच."

म्हणून सगळे आले. नवरा, सासूबाई, गणेश, आणि पहिल्यांदाच पाहिलेली मनीषाची आई. पनवेलच्या बाजारात सुकट-बोंबील विकणारी, काटक, डोक्यावर पदर. ती कोपऱ्यात उभीच राहिली. मॅडमनी पडद्यावर निरोगी स्नायू आणि मनीषाचा स्नायू शेजारी शेजारी लावले.

सासूबाई पुढे झाल्या. "हा लाल रंग तुमीच टाकलाय ना पन?"

उत्तर मी दिलं. "रंग मी टाकला. दोन्हीवर सारखाच टाकला. तो कुठे बसतो ते माझ्या हातात नसतं."

त्यांनी दोन्ही चित्रं परत पाहिली. "म्हंजे नाटक नाय."

"नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

नवरा इतका वेळ हातातली किल्ली फिरवत होता. त्याने विचारलं, "मंग बरी होनार ना आता?" मॅडमनी खरं ते सांगितलं. बरं करणारं औषध आज नाही. पण हृदयाची तपासणी वेळच्या वेळी करायची, काही औषधं टाळायची, पापण्यांना आधार देणारा चष्मा मिळतो तो लावायचा, आणि थकली की बसू द्यायचं. "बसू द्यायचं," हे त्यांनी सासूबाईंकडे बघून सांगितलं.

मनीषा हनुवटी वर करून सगळ्यांकडे बघत होती. या वेळी ती ताठ मान मला फार आवडली.

मग मॅडम पुढचं सांगू लागल्या, कारण ते सांगणं भाग होतं. तंतुकणिका मुलाला फक्त आईकडून मिळतात. वडिलांच्या येत नाहीत. "हा दोष आईकडून आलेला असू शकतो, किंवा..."

सासूबाईंनी विहिणीकडे पाहिलं. वाक्याचा दुसरा भाग, 'किंवा मनीषातच नव्याने उद्भवलेला असू शकतो', मॅडमनी पूर्ण बोलून दाखवला, परतही सांगितला. पण त्या खोलीत तो कोणी ऐकला असं मला वाटत नाही. मनीषाची आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली आणि आमच्या जिन्यात जाऊन उभी राहिली.

मनीषा आता सासरी आहे. नवरा स्वतः येऊन घेऊन गेला. खुर्चीवर बसून स्वयंपाक करते, चष्म्याच्या आधाराने समोर बघते. सासूबाई कुरकुरतात, पण 'नाटक' हा पूर्वीचा शब्द वापरत नाहीत. गणेश आमच्यासाठी कोणाचाही नमुना आणायला तयार असतो आणि दर वेळी आधी विचारतो, "मीठ नको ना?"

राहिली ती आई. दोष तिच्यातून आला की नाही हे कळलं पाहिजे, कारण गणेशचं आणि मनीषाच्या मुलीचं पुढे काय बघायचं ते त्यावर ठरतं. सुई नको, कापणं नको. सकाळची लघवी एका डबीत, बस्स. मी बाजारात जाते तेव्हा तिच्या पाटीसमोर बसते. सुकट घेते. आमच्या घरात आता एवढी सुकट आहे की नवऱ्याने तक्रार केली.

"आज नाय, बाय," ती म्हणते.

गेल्या वेळी मी तिला म्हटलं, "तुमच्याकडून आलं नाही असंही निघेल. मग कोणी काही बोलू शकणार नाही."

तिने बोंबलांची जुडी बांधता बांधता थांबून विचारलं, "आन् माझंच निघालं तर? पोरीला काय सांगू? जल्म दिला, दूध पाजलं, नि त्याच्यासंगं हे पन दिलं?"

लॅबमध्ये परत येऊन मी हे मॅडमना सांगितलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, घाई करू नको, तिचा निर्णय तिचा आहे, हवं तर समुपदेशकाशी भेट घालून देऊ. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही; कसं सांगायचं ते ठरत नाही. सुलभाने डबीवर तिचं नाव लिहून ती काउंटरच्या खणात ठेवली आहे. सोमवारी मी परत बाजारात जाणार आहे.